औंदाचा कमंडलू

नवरा दीक्षा घ्यायला निघाला की बायकूनं काय करायचं असतंय, हे कुठल्या शास्त्रात लिवलंय का? आसंल तर मला कुणी वाचून दावलं न्हाई. येईल ती बाई म्हणायची, "अंजनाक्का, केवढं भाग्य तुमचं!" भाग्य म्हणं! तुमच्या घरातला जाऊ दे की एक, मग बघूया भाग्य.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. थोडका ऊस, दोन म्हसरं, आणि हिरीच्या वरल्या अंगाला एक मांडव. त्या मांडवावर आमचं ह्ये, म्हंजे भूपाल, कडू भोपळ्याचा वेल चढवायचं. कडूच पायजे. भाजीचा दुधी वाळवून ठेवला तर त्याला किडं पोखरत्यात, कडूला तोंड लावत न्हाईत. त्या भोपळ्याचं ह्ये कमंडलू करायचं. आमच्या दिगंबर मुनी महाराजांजवळ घेऊन फिरायला मोरपिसांची पिंछी आणि हात-पाय धुवायच्या पाण्याचा कमंडलू, बाकी काय न्हाई. अंगावर कापडसुदिक न्हाई. आता कमंडलू लाकडाचं मिळत्यात, फायबरचं मिळत्यात. पर ह्यांच्या हातचा भोपळा घेऊन कितीतरी महाराज चालत कुठल्या कुठं गेलं. ह्यांनी त्याचा कधी मोबदला घेतला न्हाई. मी मात्र त्या मांडवाखाली कधी गेले न्हाई. ऊस, म्हसरं आणि चूल, ह्यातनं मला सवड हुती कुठं?

पोराचं, अभिनंदनचं, लगीन झालं. कारभार त्याच्याकडं गेला आणि ह्यांचं एकेक नेम सुरू झालं. तूप सोडलं. खाट सोडून चटईवर आलं. मग शेतीच सोडली. माती उकरायची न्हाई, वेल तोडायचा न्हाई, विळा-करवत हातात धरायची न्हाई, जिवाचा घात नको म्हणून. मी म्हटलं, झ्याक झालं. आता घरात बसतील, माझ्यासंगं दोन गोष्टी बोलतील. कसलं काय!

एक दिवशी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि ह्ये म्हणालं, "अंजना, मला मुनीदीक्षा घ्यायची हाय. महाराज म्हणालं, घरातनं परवानगी आण. अभिनंदन हो म्हणलाय. आता तू म्हण."

हातातलं ताट मी दाणदिशी आपटलं. "पोराला आधी इचारलं व्हय? आणि मला मागनं? मी काय भाड्यानं ऱ्हातीया ह्या घरात?"

ते गप. मी बोलाय लागले की ते गपच बसायचं. त्यानं माझा राग आणखी चढायचा.

"जावा की," मी म्हटलं. "कुणी आडिवलंय? पर कमंडलू माझ्या हातचा न्यायचा. बी मी लावणार, वेल मी वाढिवणार, करणारबी मीच. बाजारचा चालायचा न्हाई, दुसऱ्या कुणाचा चालायचा न्हाई. तो तुमच्या हातात देईन त्या दिवशी परवानगी. तवर उंबरा वलांडायचा न्हाई."

त्यांनी मी आपटल्यालं ताट उचलून ठेवलं. मग म्हणालं, "बरं."

त्यास्नी वाटलं आसंल, एका हंगामाचा तर प्रश्न हाय. माझ्या मनात काय हाय ते माझं मला ठावं हुतं.

पहिल्या वर्षी वेल तरारून आला. पांढरी फुलं सांजच्याला फुलायची आणि सकाळी मान टाकायची. फळं धरली, मांडवातनं खाली लोंबाय लागली. कडू भोपळा वेलावरच पिकू द्यायचा असतोय. वेल वाळून काटकी झाला, देठ सुकला, नख लावलं तर नख घसरलं, मग तोडायचा. हे शेंबड्या पोराला ठावं. मी मात्र दसऱ्याच्या आधीच इळा घेतला आणि नख रुतंल असली हिरवीगार फळं तोडून गोठ्याच्या आढ्याला टांगली. दिवाळीपतूर सगळी सुरकुतली, खाली पाणी गळाय लागलं, गोठ्यात घाण सुटली. ह्ये आलं, एका फळाला बोट लावून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पाय धुवायला निघून गेलं. एक अक्षर बोललं न्हाईत.

मी तोंड पाडून म्हटलं, "काय करायचं! नासली. आता फुडच्या वर्षी."

"बरं," म्हणालं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी महाराजांकडं आणखी एक नेम घेतला. घरच्या कुठल्याबी कामात बरं-वाईट सांगायचं न्हाई. सल्ला न्हाई, हो न्हाई, नको न्हाई. घर पेटलं तरी पाणी आणा म्हणायचं न्हाई. मला तर उकळ्या फुटल्या. आता मी काय वाटंल ते केलं तरी बोलणार कोण?

दुसऱ्या वर्षी रोज सकाळी मांडवाखाली जाऊन मी कोवळ्या फळांना बोटं दावायची. कोवळ्या भोपळ्याला बोट दावलं की तो नासतोय, आई सांगायची. एकदा मी आशी उभी ऱ्हाऊन एकेका भोपळ्याला बोट दावतीया, तर बांधापलीकडनं बसव्वा ओरडली, "आक्का, कुणाला शिव्या देतीस गं सकाळच्या पारी?"

बसव्वा माझी शेजारीण. लिंगायत हाय, माहेर निपाणीकडलं, तोंडाची फटकळ, मनाची सोन्यावानी. आमचं बांधावरनं रोज भांडण आणि रोज चहा. तिच्यापासनं काय लपत न्हाई. तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"नवरा जाऊ नये म्हणून भोपळ्याला नजर लावतीस व्हय? अगं, नजर लावायची तर त्या महाराजांना लाव!"

"गप की भवाने, पाप लागंल."

"आणि हे पुण्य व्हय?"

बोटं दावून काय एकबी नासला न्हाई. मेले आणखीच फुगले. मग मी ते परत हिरवं तोडलं. दोन चांगलं जून झालतं, ते उन्हात तापत ठेवलं, ते तडकलं. गावात बातमी झालीच. बस्तीत, म्हंजे आमच्या मंदिरात, दर्शनाला गेलं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि भाऊबंदातला एक टवाळ म्हणायचा, "काय काकू, औंदाबी भोपळाच का?" मी म्हणायची, "व्हय. तुझ्या बाचं काय गेलं?"

खरं सांगू? मला त्यास्नी सोडवत नव्हतं. अंगाला अंग लावून कधी बसलं न्हाईत, गोड कधी बोललं न्हाईत, पर घरात खोकला ऐकू आला की मला वाटायचं, हायत. सकाळी आंघोळीचं पाणी गाळताना त्यांचं स्तोत्र कानावर पडायचं, आणि त्यात कुठं अडखळलं तर मी चुलीवरनं फुडची ओळ म्हणायची. एवढंच. एवढ्यासाठी मी भोपळं नासवत हुते.

तिसऱ्या वर्षी त्यांचं गुडघं गेलं. अभिनंदन कोल्हापूरला मोठ्या डॉक्टराकडं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, वाट्या झिजल्यात, बदलाय लागतील. ह्यांनी नकाराची मान हलवली आणि येष्टी धरून परत आलं. मला वाटलं, सुटले बाई मी. आता कसली दीक्षा आणि कसलं काय.

पर त्याच आठवड्यात मी भर दुपारी रानातनं लवकर आले. खुरपं विसरल्यालं आठवलं म्हणून परसात गेले. बघते तर ह्ये तिथं एकटंच. भिंतीपासनं हातभर लांब उभं. दोन्ही हातांची ओंजळ केल्याली, ओंजळीत काय न्हाई. डोळं मिटल्यालं. पाय लटलट कापत हुतं, कपाळावरनं घाम निथळत हुता. मला आधी कळंनाच. मग कळलं. मुनीला दिवसातनं एकदा, उभं ऱ्हाऊन, ओंजळीतच जेवावं लागतंय. ताट न्हाई, पाट न्हाई, भिंतीला टेकायचं न्हाई. आणि ज्या दिवशी उभं ऱ्हाता येत न्हाई त्या दिवसापासनं अन्न सोडायचं. ह्ये उभं ऱ्हायाची सवय करत हुतं. एवढ्यात तोल गेला आणि हात भिंतीला टेकला. तो हात त्यांनी कसा मागं घेतला म्हणून सांगू! चोरी पकडल्यागत. परत ओंजळ केली, परत पहिल्यापासनं.

मी तशीच मागल्या पावली फिरले. हिरीवर जाऊन बसले. अगं अंजने, मी माझी मलाच म्हटलं, तू त्यास्नी राखाय लागलीस, आणि हितं त्यांचं पाय सरत आलं की. अजून एक वर्ष भोपळा नासवलास तर ते हितंच ऱ्हातील, पर कशासाठी ऱ्हातील? भिंतीकडं तोंड करून बसायला? मला त्यांचा असला राग आला, आणि असली माया आली, दोन्ही एकदमच. बसव्वा आली तवा मी नुसती बसले हुते.

"बसव्वा, औंदा भोपळा पिकवायचा," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या शेजारी बसली फकस्त.

मग मी खरंच जीव लावला. वेल वाळला तरी हात लावला न्हाई. देठ काळा पडला, नख घसराय लागलं, टिचकी मारली की आत पोकळ वाजाय लागलं, तवा तोडला. सावलीत टांगला. वर बुरशी धरली, ती पुसून काढली, परत टांगला. एकच निवडला हुता, मान सरळ आणि पोट गोल. उन्हाळा लागला तवा तो कागदागत हलका झालता आणि आत बिया खुळखुळत हुत्या.

बसव्वा म्हणाली, "एवढा वेळ कशाला काढतीस? आमच्यात वढ्याच्या चिखलात पुरून ठेवत्यात. आतला गर कुजून आपसूक निघतोय."

"आणि त्या कुजल्याल्यात किती जीव पडत्यात? त्यात महाराजांनी हात धुवायचं व्हय?"

"तुमचं बाई सगळंच अवघड."

अवघडच. गर वाळूनच सुटला पायजे. मी करवत घेऊन बसले, तर ह्ये समोर चटईवर माळ घेऊन जप करत हुतं. सल्ला द्यायचा न्हाई, नेम हाय. पर मला एक कळलं. मी नीट करत आसले की माळेचा मणी सरकायचा. चुकाय लागले की माळ थांबायची. तोंडाकडं बघितलं तर डोळं मिटल्यालं, काय झालंच न्हाई असं. करवत मी मानेच्या खाली टेकवली, माळ थांबली. वर नेली, तरी थांबल्यालीच. आणखी बोटभर वर नेली, मणी सरकला. तिथं कापलं. हसू आलं मला. नेम तोंडाचा हुता, माळेचा नव्हता.

भोपळ्याचं तोंड पाडून झाल्यावर नदीतलं बारीक गोटं धुऊन आत टाकलं आणि खळाखळा हलवलं. वाळल्याला गर भुग्यागत पडला. मग उकळल्याल्या पाण्यानं धुतलं, वाळवलं, परत धुतलं. सुताराकडनं लाकडाची तोटी आणि झाकण करून आणलं. तापल्याल्या सळीनं पोटाला भोक पाडताना सळी दोनदा तिरकी झाली, दोनदा माळ थांबली. तोटीच्या कडंनं सांधा बुजवायला मी लाखेची कांडी काढली, तर मणी आडूनच बसला. माझ्या ध्यानात आलं. लाख किड्याची, मेण माशीचं. दोन्ही चालत न्हाई. झाडाची राळ आणली, तापवली आणि सांधा भरला.

पाण्यानं भरून फरशीवर ठेवला. सकाळी बघितलं तर खाली फरशी कोरडी ठणठणीत. मी तो पुसला आणि ह्यांच्या म्होरं नेऊन ठेवला.

"झाला," मी म्हटलं. "आता जावा."

त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. फिरवून बघितला, तोटीवरनं अंगठा फिरवला. मला ऱ्हावंना.

"अवो, ती आधीची दोन वर्षं..."

"ठावं हाय," ह्ये म्हणालं. "हिरवं तोडलीस. बोटंबी दावलीस."

"आणि गप बसला? ह्या नेमापायी?"

"नेम दुसऱ्या वर्षी घेतला की, अंजना. पहिल्या वर्षी तोंड मोकळंच हुतं माझं."

खरंच की. गोठ्यात ते फळाला बोट लावून निघून गेलं, तवा कसला नेम हुता? मी दोन वर्षं त्यास्नी फसवतीया म्हणून मनातल्या मनात हसत हुते.

"मग बोलला का न्हाईसा?"

"मलाबी जायाला हुईना गं," ते म्हणालं. "परवानगी मागून बसलो, आणि तुझ्या हातात हिरवा भोपळा बघितला तवा बरं वाटलं मला. नेम घेतला तो त्याचसाठी. तोंड मोकळं ऱ्हायलं असतं तर तुला म्हटलं असतं, अजून हिरवं तोड."

सगळ्या जन्मात एवढं गोड ते माझ्यासंगं कधी बोललं नव्हतं. आणि बोललं ते जायच्या वक्ताला. मेलं माझं नशीब! मग ऱ्हावा की, असं अगदी जिभेच्या टोकावर आलतं. एका शब्दाचा प्रश्न हुता. ते ऱ्हायलं असतं, मला पक्कं ठावं हाय. पर समोर त्यांचं गुडघं दिसत हुतं, सुजून लाल झाल्यालं.

"आता मन झालंय का जायचं?" मी इचारलं.

"झालंय. पायात बळ हाय तवर."

"मग जावा," मी म्हटलं. "माझी परवानगी हाय."

दीक्षेच्या दिवशी बस्तीम्होरच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. त्यांनी आपल्या हातानं आपलं केस उपटून काढलं. त्या केसांना मी तेल लावल्यालं हुतं, मी बघू शकले न्हाई, अभिनंदनच्या खांद्याआड तोंड केलं. मग मोठ्या महाराजांनी माईकवरनं इचारलं, "घरच्यांची परवानगी आहे का?" मी उठून एवढ्या मोठ्यानं "हाय!" म्हणाले की माईक नसताना सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. त्यांनी कपडं उतरवलं, नवं नाव घेतलं, कमंडलू हातात घेतला. आता ते आमचं कुणी नव्हतं.

पहिला दिवस त्यांचा उपास. दुसऱ्या दिवशी आहाराला निघायचं हुतं. कुणाच्या दारात थांबायचं ते महाराज मनात काहीतरी खूण ठरवून निघत्यात, ती दिसली तरच थांबत्यात, न्हाईतर माघारी. गल्लीतली सगळी घरं हातात कलश घेऊन उभी. मीबी उभी. पहाटंपासनं सवळ्यात स्वयंपाक केल्याला. सूनबाई मला परत परत बजावत हुती, "आत्या, जेवताना घास-पाण्यात केस पडला की अंतराय. डोळ्यातलं पाणी पडलं तरी अंतराय. रडण्याचा आवाज कानावर आला तरी अंतराय. मग ते तसंच ओंजळ सोडून जातील, उद्यापतूर पोटात पाण्याचा थेंब न्हाई."

"ठावं हाय मला. मला शिकवू नगंस," मी खेकसले.

ते आलं. खाली बघत, सावकाश. कमंडलू डाव्या हातात. दोन दारं सोडली. मी म्हटलं, "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ." आणि ते थांबलं. माझ्या दारात. कसली खूण ठरवली हुती ते त्यांचं त्यास्नी ठावं.

आत आणलं, पाय धुतलं. मग मोठ्यानं म्हणावं लागतंय, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध. पहिल्याच शब्दाला मी अडखळले. मन शुद्ध? माझ्या मनात काय काय हुतं ते मला ठावं. तरी म्हणाले. म्हणताना वाटलं, खोटं न्हाई. जे हुतं ते सगळं त्यांचंच हुतं.

ते उभं ऱ्हायलं, भिंतीपासनं लांब. ओंजळ केली. मी भाताचा पहिला घास त्या ओंजळीत ठेवला. बोटं त्याच हाताची, अंगठ्याजवळ विळ्याची जुनी खूण. माझं डोळं भरून यायला लागलं. मी ओठ दातात धरला. म्हटलं, अंजने, खबरदार! आज हा माणूस उपाशी गेला तर तुझ्यापायी जाईल. दुसरा घास. तिसरा. मग डाळ, मग भाकरी कुस्करून. त्यांचं गुडघं कापाय लागलं तसा अभिनंदनचा श्वास अडकल्याला मला ऐकू आला. मी घास थांबवला न्हाई. ते पडलं न्हाईत. शेवटी पाणी प्यालं, ओंजळ मिटली.

मी कमंडलू उकळून निवल्याल्या पाण्यानं भरला, झाकण लावलं, आणि पाटावर ठेवला. त्यांनी उचलला. सगळ्यांना दिला तसाच मला आशीर्वाद दिला, सगळ्यांएवढाच. आणि दारातनं बाहीर पडलं.

मी चौकटीला धरून उभी. गळ्यातनं आवाज वर येत हुता, मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. अजून ते गल्लीतच हुतं, ऐकू जाईल एवढ्यावर. आहार झाला हुता, तरी मला भरवसा वाटंना. बसव्वा रस्त्यापलीकडं कोपऱ्यावर उभी हुती. ती त्यांच्या पाठीकडं बघत हुती आणि हाताचा पंजा माझ्याकडं करून थांब, थांब म्हणत हुती. लोकांचा घोळका वळणावरनं पलीकडं गेला. तरी तिचा पंजा तसाच. मी तिच्या हाताकडं बघत जीव धरून उभी ऱ्हायले.

मग ती पळत आली, मला कवळा घातला आणि म्हणाली, "गेलं आक्का, लांब गेलं. आता ऐकू जात न्हाई. रड."